लपवेमास्तरांची पंचवीस फूट नळी

लपवेमास्तरांचं खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं आणि तिथेच सुखात होतं. बाकी सगळी वस्ती त्यांना लपवेमास्तर म्हणायची. हे आडनाव नव्हे, कामावरून पडलेलं नाव. मास्तर वायरमन. अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत वायरी लपवल्या. भिंतीला झिरी मारायची, पाइप बसवायचा, वायर ओढायची, वरून प्लास्टर, प्लास्टरवर रंग. मग दिवा लावायचा आणि घरमालकाला विचारायचं, "सांगा बघू, वीज आली कुठून?" घरमालक भिंतीवरून हात फिरवायचा, मान हलवायचा, आणि मास्तरांचा तो दिवस सार्थकी लागायचा. वायर दिसली म्हणजे वायरमन हरला, असं त्यांचं साधं शास्त्र होतं.

स्वतःच्या घरात तर त्यांनी कहरच केला होता. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, पण त्यात एक वायर शोधून दाखवा. दारावरच्या घंटीचं बटण चौकटीच्या नक्षीत असं बेमालूम बसवलं होतं की पाहुणे बिचारे दार बडवायचे. त्यांची बायको म्हणायची, "उद्या तुम्ही गेलात आणि दिवे गेले, तर मी काय भिंती फोडत बसू? ज्याला बिघाड शोधता येत नाही ते कसलं काम?" मास्तर हसून सोडून द्यायचे. पुढे बायकोच आधी गेली. सहा वर्षं झाली त्याला, आणि त्या सहा वर्षांत घरातला एकही दिवा गेला नाही. सांगायला मात्र ती नव्हती.

अशा या घरात एक दिवस मास्तरांची मुलगी सात महिन्यांची पोर घेऊन राहायला आली, आणि बाहेरच्या खोलीतून थेट आतल्या खोलीपर्यंत पंचवीस फूट नळी पसरली. अगदी उघड्यावर. एका टोकाला कोपऱ्यात घुरघुरणारं ऑक्सिजनचं मशीन आणि दुसऱ्या टोकाला नात.

नात अकरा आठवडे आधी आली होती. इतकी घाई कशाची होती ते तिचं तिला ठाऊक. जन्मली तेव्हा जेमतेम सव्वा किलोची होती. तीन महिने दवाखान्यात काचेच्या पेटीत काढले. जगली, वाढली, हसायला शिकली, पण फुप्फुसं मागे राहिली. ती भरून येईपर्यंत नाकात बारीक नळी, गालांवर नळी धरून ठेवणाऱ्या दोन चिकटपट्ट्या, आणि पायाच्या अंगठ्याला एक सेन्सर. रक्तात ऑक्सिजन किती आहे त्याचा आकडा त्या सेन्सरवरून छोट्या यंत्रावर दिसायचा. ब्याण्णवच्या वर असला की सगळं ठीक. खाली गेला की यंत्र किंचाळायचं.

जावई लांब एका पुलाच्या बांधकामावर होते, पंधरा दिवसांतून एकदा यायचे. मुलीची रजा संपत आली होती. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. साऱ्या शहराच्या प्रश्नांना ती शांतपणे उत्तरं द्यायची, पण आता तिच्याच पदरात इतके प्रश्न पडले होते की कुणाला विचारावं ते कळत नव्हतं. ती कामावर गेली की दिवसभर पोरीकडे बघणार कोण, तर मास्तर. दुसरं कुणी नव्हतंच.

पोरीचं डोकं एका बाजूने चपटं झालंय हे पहिल्यांदा मास्तरांच्याच लक्षात आलं. जन्मभर भिंती बघितलेला माणूस, वाकडं चटकन दिसायचं. इतके महिने नळ्यांमुळे ती उजव्याच कुशीवर पडून राहायची. कोवळं डोकं मागून उजवीकडे बसलं आणि त्या बाजूचं कपाळ किंचित पुढे आलं. मास्तर दोन दिवस गप्प राहिले. मग न राहवून म्हणाले, "पोरीचं डोकं ओळंब्यात नाही गं." मुलगी इतकी रडली की मास्तरांना आपल्याच जिभेचा राग आला.

त्यावर उपाय निघाला तो हेल्मेटचा. पोरीच्या डोक्याचं माप घेऊन बनवलेलं, आतून मऊ, बाहेरून कडक, बाजूला पट्टा. बनवणाऱ्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. दिवसातले तेवीस तास घालायचं, एक तास काढून डोकं आणि हेल्मेट पुसायचं. काढल्यावर लाल खुणा दिसतील, त्या तासाभरात गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर फोन करायचा. "आणि आताच घालायचं," बाई म्हणाल्या. "डोकं वाढतंय तोवरच हे काम होतं. हाड घट्ट झालं की मग हेल्मेटचा उपयोग नाही."

फुप्फुसांच्या डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. मितभाषी गृहस्थ. ते म्हणाले, "आधी श्वास, मग आकार. हेल्मेट घातल्यावर आकडे पडायला लागले तर मी हेल्मेट बंद करणार. दोन आठवडे बघू. सगळे आकडे वहीत लिहा."

म्हणजे दोन आठवड्यांत काय ते ठरणार होतं.

हेल्मेट डोक्यावर चढलं आणि पोर एकदम रुबाबदार दिसू लागली. भुवया वर करून ती खोलीभर अशी नजर टाकायची, जणू चोर याच घरात आहे. मास्तरांनी त्याच दिवशी तिचं नाव फौजदार ठेवलं. तेच पुढे पडलं.

पण फौजदारांनी पहिल्या चार दिवसांत सगळ्यांना जेरीस आणलं. आधी नळी कानांवरून मागे जायची, पोरीला तिचा पत्ताच नसायचा. आता कानांवर हेल्मेट आलं. त्यामुळे नळी गालांवरून सरळ समोर, छातीवर लोंबू लागली. आणि नेमकं त्याच आठवड्यात पोरीला आपल्याला दोन हात आहेत याचा शोध लागला. दिसली नळी की ओढ. नळी नाकाबाहेर आली की आकडा खाली. यंत्र किंचाळलं की आई धावतेय. वहीत चार दिवसांत सतरा वेळा आकडा पडल्याची नोंद झाली. मुलगी वही मिटून म्हणाली, "बाबा, हे बघितलं की डॉक्टर हेल्मेट काढायलाच सांगणार." आणि दुसऱ्या दिवशी ती पायांत शिसं भरल्यासारखी कामावर गेली.

त्या सकाळी मास्तर फौजदारांना मांडीवर घेऊन विचार करत बसले. नळी समोर दिसते म्हणून ती ओढते. दिसलीच नाही तर? विचार करता करता त्यांनी हेल्मेटच्या कडेतून बोट आत घातलं. डावीकडे, पुढे, बोट जाईना. डोकं अगदी चपखल बसलेलं. उजवीकडे मागे मात्र बोट सरळ आत गेलं, वरपर्यंत. आणि वर हवेसाठी एक भोकही होतं.

"अरे, इथे तर आयती झिरी आहे," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

आता अडतीस वर्षं ज्याने भिंती खोदून वायरीला वाट केली, त्याला आयती पोकळी दिसल्यावर राहवेल का? त्यांनी नळी गालावरून हेल्मेटच्या आत घेतली, त्या मोकळ्या जागेतून मागे नेली आणि वरच्या भोकातून बाहेर काढली. काम फक्कड झालं. समोरून बघावं तर गालांवर बोटभर नळी, बाकी काही नाही. फौजदारांनी छातीवर चाचपून पाहिलं, मिळालं नाही, आणि त्यांनी स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर लक्ष वळवलं. आकडा शहाण्णव.

संध्याकाळी मुलगी दारातून आत आली आणि थबकली. "बाबा, नळी कुठे गेली?"

"सांग बघू, हवा आली कुठून?" मास्तर म्हणाले.

मुलगी हसली. किती महिन्यांनी हसली असेल, तिचं तिलाही आठवलं नसतं. मास्तरांना वाटलं, अडतीस वर्षांतलं हे आपलं सगळ्यात चांगलं काम. मग तिने जवळ येऊन पाहिलं आणि विचारलं, "पण हेल्मेटवाल्या बाईंना विचारायला नको का?"

"अगं, नळ्या ओढण्यात जन्म गेला माझा. बाईंना कशाला त्रास?"

मुलगी दमलेली होती. तिने मान डोलावली आणि फौजदारांचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

तीन दिवस आकडे झकास. रोज संध्याकाळी हेल्मेट पुसायच्या तासात मास्तरांना उजव्या कानामागे एक गुलाबी रेघ दिसायची. पहिल्या दिवशी ती तासात गेली. दुसऱ्या दिवशी तासापेक्षा थोडी जास्त रेंगाळली. तिसऱ्या दिवशी हेल्मेट परत घालायची वेळ झाली तरी ती होतीच. मास्तर मनाशी म्हणाले, नवं हेल्मेट आहे, नवा बूटही चावतोच. स्वतःच्या कामात खोट दिसली की माणूस नवा बूट, जुना पाय, काय वाटेल ते पुढे करतो. मास्तरही माणूसच होते.

चौथ्या दिवशी दुपारी फौजदार झोपले. झोपेत त्यांनी मान उजवीकडे टाकली, जुनी सवय. मास्तर शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. यंत्र किंचाळलं. आकडा नव्वद.

मास्तरांनी आधी नाक पाहिलं. नळी जागेवर. मशीन चालू. मशीनवरच्या काचेतली, हवेचा जोर दाखवणारी गोळी जिथे हवी तिथे. पाण्याची बाटली घट्ट. आकडा अठ्ठ्याऐंशी. त्यांनी गुडघ्यांवर बसून पंचवीस फूट नळी बोटांनी चाचपली, जोड न् जोड. कुठे पीळ नाही, कुठे काही नाही. शहाऐंशी. नळीत जे जे दिसत होतं ते सगळं ठीक होतं. आणि मग बायकोचा आवाज त्यांच्या कानात आला. ज्याला बिघाड शोधता येत नाही ते कसलं काम?

न दिसणारा तुकडा एकच होता, आणि तो त्यांनी स्वतः लपवला होता.

हेल्मेटचा पट्टा सोडायला त्यांना एरवी दोन क्षण लागायचे. त्या दिवशी पट्टा दोनदा हातातून सुटला. यंत्रावर चौऱ्याऐंशी. हेल्मेट निघालं. आत नळी डोक्याखाली दबून चपटी झाली होती, मधोमध तिला घडी पडली होती. मास्तरांनी ती सरळ केली. सत्त्याऐंशी. एक्क्याण्णव. पंचाण्णव. फौजदार झोपमोड झाली म्हणून संतापून रडू लागले, आणि त्या रडण्याइतकं गोड मास्तरांनी जन्मात काही ऐकलं नव्हतं. त्यांनी कपाटातली नवी नळी काढून जुनी बदलली, पोरीला छातीशी घेतलं आणि जमिनीवर बसले.

कानामागची रेघ आता गुलाबी नव्हती, लालभडक होती.

पोर शांत झाल्यावर मास्तरांसमोर वही होती. खरं सांगायचं तर तेव्हा त्यांच्या मनात आलं. नळी बाहेरून घ्यायची. मुलीला सांगायचं, बाहेरूनच बरी वाटते. लाल रेघ काय, उद्यापर्यंत जाईल. बघायला घरात होतं कोण? फौजदार, आणि त्यांना अजून जबानी देता येत नव्हती. खरं सांगितलं तर मुलगी पुन्हा पोर आपल्या हाती देणार नाही. नोकरी सोडेल. आणि वहीत चौऱ्याऐंशी लिहिलं तर डॉक्टर हेल्मेट काढतील. एवढ्या मोठ्या नुकसानीपुढे एवढीशी लपवाछपवी काय, त्यांना तर लपवण्याची सवयच होती.

मास्तर बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग त्यांनी पोरीच्या कानामागे पाहिलं आणि लिहिलं. "दुपारी दोन चाळीस. आकडा ८४. नळी हेल्मेटच्या आत घातली होती, ती दबली. चार दिवसांपासून तशीच होती. हेल्मेटची चूक नाही. चूक माझी." खाली सही केली. वहीत सही करायची पद्धत नव्हती, पण त्यांना ती करावीशी वाटली.

मग त्यांनी आधी दवाखान्याकडून घरी येणाऱ्या नर्सबाईंना फोन केला. त्या तासाभरात येऊन पोरीला तपासून गेल्या. आणि मग हेल्मेटवाल्या बाईंना फोन लावला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, ती जागा रिकामी नव्हती हो."

"म्हणजे?"

"ती मी मुद्दाम ठेवलीय. बाकी सगळीकडून हेल्मेट डोक्याला धरून ठेवतं आणि तिथे मोकळं सोडतं. डोक्याने वाढून ती जागा भरायची असते. तेच तर सगळं औषध आहे. ती जागा तिच्या डोक्याची आहे, आणि तुम्ही तिथे भाडेकरू घुसवलात."

अडतीस वर्षांत मास्तरांनी रिकाम्या जागेकडे वायरीची वाट म्हणूनच पाहिलं होतं. कुणासाठी तरी राखून ठेवलेली जागाही रिकामीच दिसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी खूण पूर्ण जाईपर्यंत हेल्मेट घालू नका म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

मुलगी आली तेव्हा मास्तर दारातच उभे होते. तिने चपला काढायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिने आत जाऊन पोरीला घेतलं, कानामागच्या रेघेवर हळूच बोट ठेवलं आणि म्हणाली, "मी विचारलं होतं, बाबा."

बस. तिने आरडाओरडा केला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

सकाळी ती म्हणाली, "मी रजा टाकलीय."

"टाकायलाच हवी," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "तू तिला घेऊन बस. मला फक्त बघू दे."

मुलगी पोरीला मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसली. मास्तर तासभर नुसते बघत राहिले. फौजदारांची मान कुठे कुठे वळते, हात कुठवर पोचतो, लोळताना कुठला खांदा आधी टेकतो. आणि बघता बघता त्यांना आपली मूळ चूक कळली. भिंत हलत नाही. पोर हलतं. हलणाऱ्या वस्तूची वायर कुणी भिंतीत घालतं का? शिलाई मशीनची वायर, इस्त्रीची वायर, सरकत्या फाटकाची वायर, यांना बाहेरच ठेवायचं, ढील द्यायची आणि कुणाच्या पायात येणार नाही अशी वाट करून द्यायची. हे त्यांना विशीतच शिकवलं होतं त्यांच्या मालकाने. पण पुढे भिंतींचंच काम मिळत गेलं आणि ते विसरून गेले.

"सुई-दोरा आहे का?" त्यांनी विचारलं.

दुपारपर्यंत बापलेकींनी मिळून नवी वाट काढली. नळी दोन्ही गालांवरून, हेल्मेटच्या काठाच्या खालून मागे जाणार, काठाला शिवणारही नाही. मानेमागून ती डाव्या खांद्याकडे वळणार आणि तिथून काखेखालच्या शिवणीवरून खाली. पाठीवर नाही, कारण पोर पाठीवर झोपते. मुलीने झबल्याच्या शिवणीवर कापडाचे चार बंद शिवले. नळी त्यांतून ओवली जाऊन पायापाशी बाहेर निघायची. मानेपाशी चार बोटं ढील. आणि सगळं बाहेरून. एका नजरेत नाकापासून मशीनपर्यंत पूर्ण नळी दिसली पाहिजे, हा मास्तरांचा हट्ट. जमिनीवरच्या भागात तर त्यांनी दर दोन फुटांवर लाल पट्टी गुंडाळली, म्हणजे कुणाचा पाय पडायला नको आणि पीळ पडला तर लगेच कळावा.

मुलगी ते लाल पट्ट्यांचं प्रदर्शन बघत म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, आता अक्कल आली."

"म्हणाली असती," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी हेल्मेटवाल्या बाईंना फोटो पाठवले, नर्सबाईंना प्रत्यक्ष दाखवलं. नर्सबाईंनी एक बंद अंगठाभर खाली घ्यायला लावला, बाकी ठीक म्हणाल्या. कानामागची खूण गेली, हेल्मेट परत चढलं. फौजदारांनी छातीवर चाचपलं, गाल ओरबाडून पाहिला, एकदोनदा यशस्वीही झाले. उरलेल्या दिवसांत आकडा तीन वेळा पडला आणि तिन्ही वेळा मास्तरांनी वहीत कारण लिहिलं. मुलगी मात्र घरीच राहिली. रजेचा विषय कुणीच काढला नाही.

दोन आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. छोटा सिलिंडर मास्तरांच्या खांद्याला, पोर मुलीच्या कडेवर, नळी दोघांच्या मध्ये सगळ्या रस्त्याला दिसेल अशी. लोक बघत होते. आठवड्यापूर्वी मास्तरांनी वरून शाल टाकली असती.

डॉक्टरांनी यंत्र घेतलं. यंत्राच्या पोटात सगळे आकडे साठलेले असतात हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. पडद्यावर रेघ उमटली आणि एका जागी विहिरीत उतरावी तशी खाली गेली. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "चौऱ्याऐंशी. हेल्मेट घातलेलं असताना?"

"हो," मुलगी म्हणाली.

"मग हेल्मेट थांबवावं लागेल."

मुलीने वही उघडली, ते पान काढलं आणि ती टेबलावर पुढे सरकवली. डॉक्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "ही सही कुणाची?"

मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. साठी उलटलेला माणूस, पण शाळेतला पोरगा उभा राहावा तसे.

"तुमचा पराक्रम काही भूषणाचा नाही," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा असली कल्पना सुचली तर आधी फोन करायचा. पण हे लिहिलं नसतं, तर मी आत्ता हेल्मेट बंदच केलं असतं. मला काय कळणार होतं आकडा कशाने पडला ते?" त्यांनी त्या दिवसानंतरची रेघ बोटाने दाखवली. "याच्यानंतर बरं चाललंय. चालू ठेवा."

हेल्मेटवाल्या बाईंनी मापं घेतली. फरक नावापुरता होता. "चार दिवस तुमच्या भाडेकरूने खाल्ले," त्या म्हणाल्या, "पण वेळ आहे अजून."

घरी परतताना, तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर, किल्ली शोधता शोधता, मुलगी म्हणाली, "बाबा, उद्यापासून मी जाते कामाला."

मास्तर सिलिंडर खाली ठेवत म्हणाले, "डबा मी भरून देईन."

त्यानंतर चार महिने गेले. दर पंधरा मिनिटांनी मास्तर नाकापासून मशीनपर्यंत नजर फिरवायचे, त्याला त्यांनी गस्त असं नाव दिलं होतं, कारण घरात फौजदार होते. मधल्या एका रविवारी त्यांनी दारावरच्या घंटीचं जुनं बटण उपसून काढलं आणि पांढरंशुभ्र, वाटीएवढं नवं बटण बसवलं. वायर सरळ चौकटीवरून, झाकायला वर पट्टीसुद्धा नाही. वस्तीत दोन दिवस चर्चा झाली की मास्तरांची तब्येत बरी आहे ना. ऑक्सिजन हळूहळू कमी झाला, मग फक्त झोपेपुरता राहिला. फौजदार बसू लागले आणि बसल्या बसल्या जमिनीवरच्या नळीवरल्या लाल पट्ट्या न्याहाळू लागले.

आणि मग हेल्मेटच्या मापाचा तो दिवस आला. बाईंनी मापपट्टी फिरवली, कागदावर आकडे लिहिले, पण ते वाचून दाखवले नाहीत. हेल्मेट परत पोरीच्या डोक्यावर चढवलं आणि म्हणाल्या, "आजोबा, इकडे या. तुमच्या झिरीत बोट घालून बघा."

मास्तर पुढे झाले, पण हात पुढे होईना. त्या जागेला त्यांनी चार महिन्यांत पुन्हा हात लावला नव्हता. मुलगी म्हणाली, "घाला ना, बाबा." त्यांनी उजव्या बाजूला, मागे, कडेला बोट लावलं. बोट आत जाईना. त्यांनी जरा वरून पाहिलं, जरा खालून पाहिलं. मऊ केस लागले, त्यामागे उबदार, भरलेलं डोकं लागलं, आणि बोट तिथेच थांबलं.

"करंगळीने बघू का?" त्यांनी विचारलं.

"बघा," बाई म्हणाल्या.

करंगळीही गेली नाही. फौजदारांना इतका वेळ चाललेली ही चाचपणी पसंत पडली नसावी. त्यांनी मान वळवली, ती करंगळी दोन्ही हातांनी धरली आणि सरळ तोंडात घातली. नवे दोन दात होते. मास्तरांनी करंगळी सोडवून घेतली नाही.